भोक नाही म्हणजे काहीच आत जात नाही असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

समृद्धीच्या कडेकडेने आलेल्या गॅस पाइपलाइनबद्दल आपल्या पेपरात मध्ये एक बातमी होती, चांगली होती, पण त्यात "पाइपावर प्लास्टिकचं कवच असल्याने गंजाचा प्रश्नच नाही" असं एक वाक्य होतं आणि ते काही मला पचलं नाही. नोकरीभर मी पाइप कोटिंगच तपासत आलो, म्हणून लिहून राहिलो.

फुग्याला भोक नसतं, गाठही पक्की असते, तरी दोन दिवसांनी तो सुरकुततोच ना? गॅस रबरात विरघळतो, आतल्या आत सरकतो आणि पलीकडून निघून जातो. पाइपावरच्या कोटिंगमध्येही हेच होतं. साइटवर २५ हजार व्होल्टपर्यंतचा हॉलिडे टेस्टर, म्हणजे कोटिंगमधलं भोक विजेच्या ठिणगीने शोधायचं यंत्र, फिरवतात, ठिणगी नाही पडली की पास, पण त्यातून एवढंच कळतं की भोक नाही. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेला भोक लागतच नाही, आणि पाइप जितका गरम तितकी ही ये-जा जास्त.

यातली गंमत अशी की पॉलिथिलीन पाण्याला जबरदस्त अडवतं, पण ऑक्सिजन त्यातून बऱ्यापैकी आरामात जातो आणि कार्बन डायऑक्साइड तर त्याहून जास्त. इपॉक्सीचं, म्हणजे स्टीलला घट्ट चिकटणाऱ्या कडक रेझिनचं, बरोबर उलटं, ती ऑक्सिजनला रोखते पण ओलावा पिते. म्हणून तर थ्री लेयर कोटिंग आलं, स्टीलला चिकटून इपॉक्सी, मग चिकटवणारा थर आणि वरून साधारण ३ मिलिमीटर काळं पॉलिथिलीन. तरीही थोडंफार आत जातंच, पण इपॉक्सीने स्टीलला घट्ट धरलं असेल तर खाली पाणी साचायला जागाच नसते, मग ऑक्सिजन पोचला तरी बिचारा करणार काय.

खरी पंचाईत ही पकड सुटल्यावर होते. खाली पोकळी झाली, त्यात पाणी शिरलं, की कॅथोडिक प्रोटेक्शनचा, म्हणजे गंज रोखायला पाइपाला मातीतून देतात तो, करंट तिथं पोचायला पाहिजे, तर वरचं जाड पॉलिथिलीन त्यालाच अडवून धरतं! म्हणजे गॅस जातो पण करंट जात नाही, आणि वरून रीडिंग घेतलं तर सगळं ओके दिसतं.

कारखान्यातलं कोटिंग बहुतेक वेळा चांगलंच असतं हो, पकड सुटते ती शेतात वेल्डिंग झाल्यावर केलेल्या जोडावर. पाइप साधारण १२ मीटरचा, म्हणजे एका किलोमीटरला ऐंशीच्या वर जोड, आणि प्रत्येक जोडावर ब्लास्टिंग म्हणजे बारीक कणांचा मारा करून स्टील साफ करणं, धूळ-क्षार काढणं, स्टीलचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर आहे का ते बघणं, मग प्रायमर, मग स्लीव्ह, म्हणजे जोडावर गुंडाळायचं प्लास्टिकचं आवरण. पावसाळ्यातल्या दमट सकाळी ठेकेदाराला घाई असली की यातलं काय काय गाळलं जातं ते मी पाहिलेलं आहे. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोटिंगला ओढत राहते. जुन्या टेप गुंडाळलेल्या लाइनींवर अशानेच सुरकुत्या पडायच्या.

पाइपाच्या आतलं लायनिंगही असंच. दाबाखालचा गॅस त्यात मुरतो, आणि कोणी एकदम प्रेशर सोडलं की मुरलेल्या गॅसला निघायला वेळच मिळत नाही, मग फोड येतात. म्हणून दाब हळू उतरवायचा असतो.

घरच्या गॅसच्या प्लास्टिक पाइपला घाबरायचं मात्र काही कारण नाही, त्याच्या भिंतीतून जाणारा गॅस अगदी नगण्य असतो, खरी गळती जोडातून किंवा कोणी जेसीबी लावल्यावर होते. मला काळजी आहे ती पाण्याच्या निळ्या पाइपांची. पेट्रोल-डिझेल मुरलेल्या जमिनीतून प्लास्टिकचा पाइप गेला तर बेन्झिनसारखे पदार्थ भिंतीतून आत पाण्यात येऊ शकतात, पाइप कुठंही फुटलेला नसताना.

तेव्हा आपल्या बातमीदारांनी पाइपलाइनच्या साइटवर गेल्यावर हॉलिडे टेस्टचा कागद बघून परतू नये, जोडावर पील टेस्ट, म्हणजे स्लीव्हची पट्टी कापून ओढून बघायची टेस्ट, किती जोडांवर केली ते विचारावं. आणि महापालिकेला विचारावं की पेट्रोल पंप आणि जुन्या गॅरेजांजवळून नळाची लाइन टाकताना तिथली माती तपासतात का, आणि तपासत नसतील तर निदान तेवढ्या तुकड्यात धातूचा पाइप का टाकत नाहीत.

आपला,
एक निवृत्त कोटिंग इन्स्पेक्टर,
मानेवाडा, नागपूर