मागच्या सस्पेन्शनचा खडखडाट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हमी मुदतीतल्या आमच्या मोटारीच्या मागच्या बाजूने प्रत्येक गतिरोधकावर येणारा खडखडाट ‘खान्देशातले रस्तेच असे आहेत’ या उत्तरावर सेवा केंद्राने वारंवार झटकून टाकला आहे. रस्ते खराब आहेतच. पण चाकांना बसणारे धक्के झेलणारी यंत्रणा, म्हणजे सस्पेन्शन, त्यासाठीच तर असते! असा आवाज शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचा (तो गाडीला जिथे जोडतात त्या जोडाचा), अ‍ॅक्सलच्या रबरी बुशचा (सांध्यातल्या रबरी अस्तराचा) किंवा चक्क डिकीतल्या सैल जॅकचाही असू शकतो. गाडी लिफ्टवर चढवली की चाके लोंबकळतात, बुशवरचा भार बदलतो आणि दोष लपतो. म्हणून मेकॅनिकने मागच्या सीटवर बसून, डिकी रिकामी करून फेरी मारणे आवश्यक आहे. तेल गळालेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत आणि बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत, अन्यथा पिळलेले रबर लवकर फाटते. घाईत नेमके हेच टाळले जाते.

ग्राहकांनी तक्रार जॉबकार्डवर (सेवा केंद्राच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्यावी, कारण तोंडी तक्रारीला पुढे कोणी विचारत नाही. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी ग्राहकाला सोबत घेऊन फेरी मारणे सेवा केंद्रांनी बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक वाहनधारक, अमळनेर (जि. जळगाव)