तुझं खरं निघालं, लिही आता

प्रिय बंड्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच.

परवा सायकलचं मागचं चाक पुन्हा बसलं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा, आणि रस्ता अगदी गुळगुळीत डांबरी! तुझी युक्ती आठवली. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून मोजलं, टायरच्या आत त्याच जागी कापूस फिरवला, तर तंतू अडकले. केसासारखी बारीक तार होती. मोटारींच्या फाटक्या टायरांतून पडतात तसली. दोनदा ट्यूब बदलली मी, आणि ही बया आत बसून होती. चिमट्याने ओढून डबीत ठेवलीय.

त्या निमित्ताने टायर नीट पाहिला. मधोमध झिजून सपाट, एका जागी रबराखालचे धागे दिसताहेत. नवा घ्यायलाच हवा, आणि तिथेच झोप उडालीय. एकीकडे श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस टायर: नक्षीखाली 5 मिलिमीटर जाडीचा रबराचा थर, बारीकसारीक काच-तार ट्यूबपर्यंत पोचतच नाही. पण जड, पायाला जाणवतो, आणि रिमवर चढवताना अंगठे सोलतात. दुसरीकडे हलका, मऊ टायर: चालवायला सुख, पण रोज कामावर जाताना धाकधूक. मी पहिल्याकडे झुकलोय. कामावर वेळेत पोचणं हेच सुख, असं वय झालं.

रुंदीवरून आपण तीन दिवस बोललो नव्हतो, आठवतं? बारीक टायरच पळतो म्हणून मी हटून बसलो होतो. हवेचा दाब सारखा असेल तर रुंदच हलका पळतो, हे आता मान्य. 37 मिलिमीटर रुंदीचा घेतोय. फ्रेममध्ये मावतो, मोजलंय. खोल नक्षीचंही तुझंच खरं: डांबरावर ती नुसती गुणगुणते. पावसात पाण्यावर तरंगून घसरायला लागतो तेवढा वेग आपला कुठला, आपण काय विमान आहोत!

यंदा रिमवर बसण्याच्या व्यासाचा आकडा मात्र 622 मिलिमीटर बघूनच घेणार. '28 इंची' वाचून 635 चा आणला होता, तेव्हापासून नाना मला गणिताचं विचारत नाहीत.

पेच एवढाच: एक घेऊ की दोन? पुढचा अजून चांगला आहे. तो मागे टाकून नवा पुढे लावावा म्हणतो. झीज मागे जास्त, पण पुढचा फुटला तर आपण थेट तोंडावर. तुझं काय मत?

घर बदललंस म्हणे. सुमीचा निकाल? कळव.

आणि हो, टायर काढायचे माझे दोन्ही लिव्हर तुझ्याकडेच आहेत. नाही म्हणू नकोस, निळे. चमच्याने रिमला ओरखडा पाडलाय मी. आधी ते पाठव.

तुझा,
दिन्या