सिम्युलेशन आधी प्रश्नपत्रिकेत आणा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम मेकॅनिक्समध्ये टनेलिंग, म्हणजे अडथळ्यापेक्षा कमी ऊर्जेचा कणही त्याच्या पलीकडे सापडणं, शिकवताना एक आकृती फळ्यावर हमखास येते. मधे अडथळा, डावीकडे उंच लाट, उजवीकडे बुटकी; आणि उभ्या अक्षावर ऊर्जा व वेव्ह फंक्शन (कण कुठे सापडण्याची शक्यता किती, हे जिच्यावरून कळतं ती लाट) एकत्रच कोंबलेले. ती पाहून मुलं बिनदिक्कत लिहितात, की अडथळा पार करताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा खर्ची पडली. ती पडत नाही. पलीकडे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता घटते, पण सापडला तर पूर्ण ऊर्जेनिशी सापडतो. समीकरण अचूक सोडवणारेही इथे फसतात.

संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे आकडे बदलले की बदलणाऱ्या हलत्या आकृतीत, ऊर्जेची चौकट वेगळी, लाटेची वेगळी. इलेक्ट्रॉन 5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा, अडथळा 10 चा, रुंदी 0.1 नॅनोमीटर ठेवली, तर शंभरातले साधारण 33 पार होतात. रुंदी दुप्पट केली तर? निम्मे, असं चटकन तोंडात येतं. होतात जेमतेम 4. मात्र रुंदी बदलणारा स्लायडर हलवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलेला हवा. नाहीतर रंगीत लाटा बघून वर्ग खूश होतो आणि डोक्यात काहीच शिरत नाही.

सिम्युलेशन म्हणजे नुसता खेळ, असं आपले सल्लागार म्हणतील. शक्यतेची ही लाट खऱ्या प्रयोगातही दिसते, हे पटवायला त्यांना जपानी भौतिकशास्त्रज्ञ आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांचा 1989 चा प्रयोग दाखवा: एकेक इलेक्ट्रॉन पडद्यावर ठिपका उमटवतो, सुरुवातीला सगळं विस्कळीत वाटतं आणि हजारो ठिपक्यांनंतर पट्टे उभे राहतात. सिम्युलेशनसोबत ही चित्रफीतही वर्गात हवीच.

यासाठी निविदा काढू नका, ही कळकळीची विनंती. कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या क्विव्हिसची सिम्युलेशन्स मोफत आहेत. अडतं ते परीक्षेत. पेपरात सिद्धताच विचारल्या जाणार असतील, तर कुठला शिक्षक तासभर स्लायडर हलवत बसेल? (आणि बसला, तर पोर्शन कधी संपवेल?)

म्हणून मागणी एवढीच: प्रात्यक्षिक परीक्षेत सिम्युलेशनवर एक प्रश्न सक्तीचा करा. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग दोन्हींत फरक का पडला याचं चार ओळींत स्पष्टीकरण. गुण स्पष्टीकरणाला द्या, अंदाज चुकला म्हणून कापू नका.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक