विन्या, तुझ्या कॉननबद्दल

प्रिय विन्या,

तुझी फाइल वाचून झाली, रात्री जागून वाचली, आणि फोन न करता लिहायलाच बसलोय कारण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मुद्दा बाजूला राहतो. तू एवढंच विचारलंयस की परवानगी न घेता रॉबर्ट हॉवर्डच्या त्या रानटी तलवारबहाद्दर कॉननवरची नवी कादंबरी स्वतःच छापली तर चालेल का. आधी त्याचंच सांगतो, पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे.

कायद्याचं असं आहे बघ. रॉबर्ट हॉवर्ड गेला जून १९३६ मध्ये, टेक्सासातल्या क्रॉस प्लेन्स गावात, वय फक्त तीस. आपल्याकडे तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट असायचा, म्हणजे १९८६ संपलं आणि ‘वियर्ड टेल्स’ मासिकात आलेल्या त्याच्या सतराही कॉननकथा भारतात मोकळ्या झाल्या. पुढे रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली म्हणून १९९१ च्या शेवटापासून ५० ची ६० वर्षं केली, पण तोवर हॉवर्ड सुटलेला होता. युरोपात तो २००७ मध्ये मोकळा झाला, म्हणूनच फ्रान्समध्ये ग्लेना प्रकाशनाने २०१८ पासून त्याच्या कथांवर कॉमिक्सची अख्खी मालिका काढली. अमेरिकेत मात्र छापल्यापासून ९५ वर्षं, म्हणजे डिसेंबर १९३२ ची पहिली कथा घे, तिचा हक्क शाबूत असेल तर तो २०२८ उजाडेपर्यंत चालणार. आणि या सगळ्याच्या वर ट्रेडमार्क. कथा मोकळी झाली तरी ‘कॉनन’ हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क आहे आणि ती कंपनी तो जागरूकपणे सांभाळते. त्यामुळे कव्हरवर मोठ्या अक्षरात कॉनन टाकून किंडलवर जगभर विकायला काढू नकोस. मराठीत, भारतापुरतं, प्रिंट ऑन डिमांड, कव्हरवर आणि शीर्षकात ते नाव नाही, हा मला बरा रस्ता वाटतो, आणि त्याआधी या विषयातल्या एखाद्या वकिलाला फी देऊन नीट विचार, माझ्या भरवशावर राहू नकोस.

आता माझं म्हणणं. अरे, परवानगी असली की पुस्तक प्रामाणिक आणि नसली की चोरी, हे मला पटतच नाही, निदान कॉननच्या बाबतीत तरी नाहीच. कारण हॉवर्डची सगळ्यात जास्त मोडतोड रीतसर छापणाऱ्यांनीच केलीय. अमेरिकन लेखक-संपादक स्प्राग द कॅम्पचं बघ ना. हॉवर्डच्या पडून राहिलेल्या चार कथा, ज्यात कॉनन नव्हताच, त्याने उचलल्या आणि नावं-गावं बदलून कॉननच्या करून टाकल्या, १९५५ चं ‘टेल्स ऑफ कॉनन’ म्हणजे तेच. त्यातली एक मुळात विसाव्या शतकातल्या अफगाणिस्तानातली होती, नायक एल बोराक, बंदुका वगैरे! मग साठच्या दशकात फ्राझेट्टाच्या जबरदस्त कव्हरांची पेपरबॅक मालिका आली, त्यात हॉवर्डच्या कथा, अर्धवट कथा पूर्ण केलेल्या, आणि द कॅम्प व लिन कार्टरने स्वतः लिहिलेल्या, सगळं कॉननच्या वयाप्रमाणे ओळीने लावलेलं. वाचणारा सलग वाचत जातो आणि हॉवर्ड कुठे संपला ते त्याला जाणवतही नाही. द कॅम्पने हे लपवलं नव्हतं, प्रस्तावनेत सांगितलेलं असायचं, आणि त्याच्यामुळे कॉनन पुन्हा घराघरात पोचला हेही खरंच आहे, ते श्रेय मी नाकारत नाही. पण हॉवर्ड स्वतः म्हणायचा की भटका माणूस आपल्या आठवणी जशा सांगेल, आज म्हातारपणाची उद्या तरुणपणाची, तशा या कथा येतात, मधल्या फटी असणारच. त्या फटी बुजवायचा नाद लागला आणि तिथूनच हा सगळा कारखाना सुरू झाला.

उलट रशियात बघ. नव्वदच्या दशकात सेंट पीटर्सबर्गच्या सेवेरो-झापाद प्रकाशनाने कॉननच्या ढीगभर नव्या कादंबऱ्या काढल्या, लिहिणारे रशियन, कव्हरवर नावं मात्र इंग्रजी वळणाची. येलेना खायेत्स्काया म्हणजे डग्लस ब्रायन, मिखाईल अख्मानोव म्हणजे मायकल मॅन्सन. हे चांगले लेखक होते रे, स्वतःच्या नावावर उत्तम पुस्तकं असलेले! मला तिथे खटकतं ते परवानगीचं नाही, त्यांना आपलंच नाव झाकावं लागलं आणि वाचकाला वाटत राहिलं की हे सगळं अमेरिकेतून आलंय, ते खटकतं.

आपल्याकडे हे दुखणं जुनंच आहे. ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या म्हणून नाथांना शके १५०६ मध्ये बसून पाठ शुद्ध करावा लागला, आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. पण त्याच नाथांनी भागवतावर स्वतःच्या अठरा हजारांवर ओव्या लिहिल्याच की, आपल्या नावाने, मूळ श्लोक कुठला आणि आपली टीका कुठली हे दिसेल असं ठेवून. मला तुझ्याकडून नेमकं एवढंच हवंय.

म्हणून आता तुझ्या पानांवर येतो. सुरुवात तर तू भन्नाट पकडलीयस. ‘पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’च्या शेवटी कॉनन देवी यास्मिनाला म्हणतो की खंडणी मी अयोध्येत तुझ्या महालात येऊन घेईन आणि बरोबर पन्नास हजार माणसं आणीन, आणि हॉवर्डने पुढे ते कधीच लिहिलं नाही. ते वचन घेऊन मराठी माणसाने व्हेंध्यात उतरायचं, आणि तेही हॉवर्डने न बघता रचलेल्या हिंदुस्थानात, याच्याइतकं योग्य काय असणार सांग. पण मग तू तिसऱ्या प्रकरणात त्याचं बालपण आणलंस, डोळ्यांदेखत आईबाप मारले जातात, मग ते चाक ढकलणं. विन्या, हे १९८२ च्या सिनेमातलं आहे, हॉवर्डचं नाही! हॉवर्डने मार्च १९३६ च्या पत्रात लिहिलंय ते असं की तो रणांगणावर जन्मला. थुल्सा डूम तू ज्याला व्हिलन केलंयस तो हॉवर्डच्याच दुसऱ्या नायकाच्या, राजा कुलच्या कथेतला, कॉननशी त्याची गाठ सिनेमाने घातली. तुझी ती रेड सोन्या १९७३ च्या मार्व्हल कॉमिक्समधली, हॉवर्डची सोन्या होती ती सोळाव्या शतकात व्हिएन्नाच्या वेढ्यात पिस्तूल घेऊन लढणारी. कायद्याने बघितलं तरी हे तिन्ही अंगाशी येईल, पण मला त्याहून वाईट हे वाटलं की तू ज्या माणसावर प्रेम करतोस त्याच्या ताटात दुसऱ्याचं वाढून ठेवलंयस आणि वाचकाला पत्ताही नाही.

आणि तुझ्या कॉननला हसू येत नाही रे. पहिल्याच कथेत हॉवर्डने सांगून ठेवलंय, त्याची उदासी प्रचंड आणि त्याचा आनंदही प्रचंड. तुझा नुसता कापत सुटलाय. ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’मध्ये तो त्याच्या प्रेयसीशी, चाच्यांची राणी बेलीतशी, देवांबद्दल, मेल्यावर काय होतं त्याबद्दल बोलतो ती पानं परत वाच.

सहावं प्रकरण मात्र, काय लिहिलंयस! तो हिमेलियन घाट, तोंडाशी दगडी रांजण, जकातीची नाणी टाकल्याचा आवाज, आणि ती जकात गोळा करणारी रुद्राणी. नाणेघाट सरळ दिसतो, जुन्नरच्या माणसाशिवाय हे कोणी लिहिणारच नाही. कॉनन तिथे येतो तेव्हा ती त्याच्याकडेही जकात मागते आणि तो निमूट देतो, तिथे मी थांबून परत मागे जाऊन वाचलं. ती पूर्णपणे तुझी आहे.

उद्या समजा वकील म्हणाला की नाव अजिबातच नको, तर रडत बसू नकोस. हॉवर्डने स्वतः कुलची नाकारली गेलेली कथा बदलून कॉननची पहिली कथा केली, आणि ‘द ब्लॅक स्ट्रेंजर’ विकली जाईना तेव्हा तिच्यातला कॉनन काढून व्हल्मिया नावाचा समुद्री चाचा घातला. रुद्राणीचं प्रकरण कोणाही परदेशी लुटारूसमोर उभं राहील.

तर असं कर, तिसरं प्रकरण सरळ काढून टाक, थुल्सा डूमच्या जागी तुझा स्वतःचा कोणी आण, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक पान दे ज्यात साध्या शब्दांत लिही की यास्मिना, व्हेंध्या, अफगुली टोळ्या आणि ते वचन हॉवर्डचं, सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३४ च्या अंकांतलं, बाकी सगळं माझं. खाली तुझं पूर्ण नाव, आडनावासकट, टोपणनाव नको. मूळ पाठासाठी २००३ पासून पॅट्रिस लुईनेच्या संपादनात आलेले डेल रे प्रकाशनाचे तीन खंड वापर, त्यात द कॅम्पचे बदल काढून हॉवर्डचा मजकूर जसाच्या तसा लावलाय. माझ्याकडचे तिन्ही कुरियरने धाडतो, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्याच आहेत. दुरुस्त केलेली फाइल दिवाळीआधी आली तर प्रुफं मी बघेन, आणि ते पहिलं पान आधी पाठव.

तुझा,
मंदार