आजोबांच्या मर्फीतून तुझी गिटार

सांगली,
१४ डिसेंबर

प्रिय सुध्या,

तुझी गिटार माझ्याकडे धूळ खात पडलीये म्हणून फोनवर ओरडलास. फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. काल रात्री तुझी गिटार आजोबांच्या मर्फी रेडिओतून वाजली, लेका! त्याचा मी गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर केलाय.

मर्फी आठवतो ना? आकाशवाणी सांगलीच्या बातम्या लागल्या की आजोबा आपल्याला चिडीचूप बसवायचे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि तो बुडाला. प्लायवूडचा डबा पापडासारखा सुटला, स्पीकरच्या कागदाचा लगदा झाला. चॅसिस तेवढी पोत्यात घालून मी माळ्यावर टाकली होती. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत आई म्हणाली, "दे भंगारवाल्याला." माझा जीव होईना.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर सोडवले. आठवडाभर ऊन, मग पत्र्याच्या डब्यात १०० वॉटचा बल्ब लावून दोन दिवस शेक. मेगर (विजेची गळती तपासायचं यंत्र) लावला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर मेलेला, प्रायमरी वेटोळ्यातून लोखंडात गळती. त्याला मुकाट्याने रामराम केला. मिरजेच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून २५०-०-२५० व्होल्टचा दुसरा आणला, वर चहा आणि तासभर गप्पा फुकट.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत! सुकवताना त्याच्या पत्र्या उलगडणार होतो, पण हात आवरला ते बरं झालं. एकाच ईएल ८४ व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओतली काचेची नळी) चालणाऱ्या या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी सतत वाहतो. लोखंड त्यानं तुडुंब भरू नये म्हणून पत्र्यांमध्ये मुद्दाम कागदाएवढी फट ठेवलेली असते. ती गेली की आवाज गेला. प्रायमरीला १२ व्होल्ट एसी दिले, सेकंडरीला ०.३३ आले. म्हणजे वेढ्यांचं प्रमाण ३६ ला १. व्हॉल्व्हला स्पीकरचे ओहम या प्रमाणाच्या वर्गाच्या पटीत दिसतात. ३६ चा वर्ग १२९६, त्याला स्पीकरच्या ४ ओहमनं गुणलं की ५१८४ ओहम येतात. ईएल ८४ ला ५२०० च्या आसपासच लागतात! आजोबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. लोखंड छोटं, त्यामुळे खर्ज थोडा पातळ येतो, पण गिटारला तेवढा पुरतो.

पुढे ईसीसी ८३ हा दुसरा व्हॉल्व्ह, नवे कपॅसिटर (जुने एकही ठेवले नाहीत), तीन पिनांचा प्लग आणि चॅसिसला अर्थिंग. पहिल्यांदा सिरीजला बल्ब लावूनच चालू केलं. जेमतेम ५ वॉट, पण शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

तुझ्या मामांचा रेडिओ आणतो म्हणालास, तर आधी मागचं झाकण काढून बघ. व्हॉल्व्हची नावं यूपासून सुरू होत असतील, यूएल ८४ वगैरे, तर तो एसी-डीसी सेट. त्यात बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसिसवरच थेट लाइट येते. तारांना हात लावून वाजवणाऱ्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

थोडी घूंघूं राहिली आहे, व्हॉल्व्हच्या हीटरच्या तारा नीट पिळ घालून पुन्हा टाकायच्यात. सध्या जुन्या गाडीतला स्पीकर लावलाय. येताना चांगला आण, ४ ओहमचाच. ८ चा आणलास तर तूच उशाला घेऊन झोप.

तुझा,
बाळ्या

ता. क. पहिली तार तुटलीय. माझ्या हातून नाही, भाच्याच्या.