विहिरीत टेप सोडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

श्रमदानाचे फोटो पुष्कळ निघतात. टिकाव उगारलेला, पाट्यांची रांग, पहिल्या पावसात भरलेल्या चराच्या काठावर फोडलेला नारळ. पण महिन्याच्या ठरल्या दिवशी, मोटारी सुरू व्हायच्या आत, बारा विहिरींच्या कठड्यावर एकेक करून ओणवं व्हायचं, टेपने पाण्याची पातळी मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा, याचा फोटो कोणी काढत नाही. गावाने मानलेले आभारही बहुतेक जेसीबी देणाऱ्याच्या वाट्याला जातात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत, आणि तुमची रीत इतर गावांनाही उचलता यावी म्हणून जरा तपशिलात.

टेपच्या टोकाला वजन बांधायचं आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करून नेहमी तिथूनच माप घ्यायचं, हा तुमचा पहिला नियम. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मिळतं. नियम साधा आहे, पण एका महिन्यात खुणेपासून आणि पुढच्या महिन्यात जमिनीपासून मोजलं तर कागदावर पाणी पाऊण मीटर 'चढतं' आणि विहिरीत मात्र जैसे थे असतं. दुसरी चूक विजेमुळे होते. शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात सकाळचं माप खोटं. रात्रभर उपसा झालेला असतो आणि झरे भरून यायला वेळ लागतो. अशा वेळी तुम्ही आकडा खोडत नाही, शेऱ्यात 'रात्री मोटार चालू' असं लिहून दोन दिवसांनी पुन्हा मोजता. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. तिला जिल्ह्याचं चित्र हवं असतं, तेवढ्यावर तिचं भागतं. गावाला मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत पाणी कुठे गेलं हे कळायला हवं, आणि ते दरमहाच्या वहीतच सापडतं.

पर्जन्यमापकाचंही तसंच. कुणाच्या तरी अंगणात, लिंबाच्या सावलीत ठेवलेलं भांडं काही कामाचं नाही. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ते हवं. नोंद रोज सकाळी साडेआठला. 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. तालुक्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांना हे चोचले वाटतात, पण ओढ्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे धूळ उडते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

या दोन नोंदींवरून तुम्ही जो हिशेब फळ्यावर मांडता, त्याचं ऋण सगळ्यात मोठं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10,000 लिटर पाणी. शिवार 800 हेक्टरचं आणि पाऊस 450 मिलिमीटर धरला तर एकूण 36 लाख घनमीटर पाणी पडलं. आकडा ऐकून माणसं खूश होतात आणि तिथेच फसतात. आपल्या काळ्या पाषाणात त्यातलं ढोबळमानाने दहा टक्केच मुरतं, म्हणजे 3 लाख 60 हजार. बाकीचं काही उडून जातं, काही माती आणि पिकं घेतात, काही ओढ्याने जातं. दीड हजार लोकांना दरडोई रोज 55 लिटर आणि 600 मोठ्या जनावरांना प्रत्येकी 50 लिटर काढून ठेवले की वर्षाला साधारण 41 हजार घनमीटर गेले. उरले 3 लाख 19 हजार.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. उसाला पावसाचा वाटा वजा करूनही विहिरीतून हेक्टरी 16 हजार घनमीटर लागतात असं धरलं, तर सगळ्या गावाचं उरलेलं पाणी 20 हेक्टर उसात संपतं. तेच पाणी हरभऱ्याला, 6 सेंटिमीटरच्या दोन पाळ्यांनी दिलं तर 265 हेक्टर भिजतात. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून तुम्ही खाली बसता, भाषण करत नाही. ऊस लावू नका असं कुणी कुणाला तोंडावर सांगितलं की भावकी उकरली जाते. वजाबाकीशी भांडायला मात्र कोणी उठत नाही.

'विहीर काठोकाठ भरली, आता कसली चिंता' या वाक्यावरचं तुमचं उत्तर आम्ही जागोजागी वापरतो. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम 50 हजार लिटर. विहीर हे तोंड आहे, पोट खडकात आहे. ते पोटही लहान. झिजलेल्या बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, भेगांमध्ये उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या दोनेक टक्के, म्हणून 100 हेक्टरखाली पातळी एक मीटर चढली तरी हाती येतात 20 हजार घनमीटरच. याच कारणाने आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात झरझर चढतात आणि डिसेंबरात तितक्याच वेगाने तळ दाखवतात.

डोंगरावरच्या कामातही तुमचा हट्ट मोजण्याचाच. ए-फ्रेम, म्हणजे चरासाठी समपातळी शोधायची A आकाराची चौकट, हातात आली की लोकांना लगेच फक्की मारायची घाई असते. तुम्ही आधी तिची परीक्षा घ्यायला लावता. दोन्ही पायांच्या जागी खुणा करायच्या, ओळंबा आडव्या पट्टीवर जिथे येतो तिथे रेघ मारायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ, आणि दोन्ही रेघांचा मध्य ही खरी समपातळी. हायड्रोमार्कर, म्हणजे पाणी भरलेल्या नळीचं पातळी-मापक, असेल तर नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, हे दर वेळी बघायचं. आखणी चुकली तर चर तिरका होतो, पाणी जागेवर मुरण्याऐवजी खालच्या टोकाकडे पळतं, तिथे भराव फुटतो आणि तो लोंढा खालचे चर ओळीने फोडत जातो. एका बुडबुड्यापायी आठवड्याचं श्रमदान वाहून जातं.

चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल, मध्ये मध्ये न खणलेला पट्टा सोडलेला, माती उताराच्या बाजूला आणि चराच्या काठापासून 30 सेंटिमीटर जागा राखून. ही जागा राखली नाही तर पहिल्याच वळवाला माती परत चरात येते. असा दहा मीटर चर एका वेळी 1,800 लिटर धरतो. भरावावर पवना, मारवेल किंवा स्टायलो अशा चाऱ्याचं बी टाकायचं आणि चराईबंदी पाळायची. अनघड दगडी बांधात मोठे दगड बाहेरच्या बाजूला आणि मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोलगट. मध्य उंच ठेवला तर पाणी बांधावरून न जाता काठ खाऊन बाजूने जातं, आणि पुढल्या वर्षी बांध ओढ्याच्या मधोमध एकटा उभा दिसतो. हे सगळं माथ्यापासून पायथ्याकडे. उलट केलं तर वरचा गाळ खालचं काम गिळतो. ओढा खोल करायची मागणी मात्र नेहमी आधी येते, कारण ती रस्त्यावरून दिसते.

ग्रामसभेचं वेळापत्रक तुम्ही पंचांगासारखं वापरता, हेही सांगायला हवं. पाण्याच्या या हिशेबाचा ताळेबंद 2 ऑक्टोबरच्या सभेत मांडायचा. पाऊस सरत आलेला असतो आणि हरभऱ्याचं बी अजून पोत्यात असतं. 26 जानेवारीला तोच कागद वाचणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं आणणं. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते. पण तहकूब झालेल्या सभेला ती अट नसते, त्यामुळे पहिली सभा मुद्दाम पडू द्यायची आणि मग दहा टाळक्यांनी सगळं मंजूर करायचं, ही वाट मोकळी राहते. तुमचा उतारा साधा. आधीच्या महिला सभेत आकडे वाचून दाखवायचे. उन्हाळ्यात हंडा कोणाच्या डोक्यावर येतो हे तिथे सांगावं लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत गणपूर्तीएवढी माणसं जमतात.

नियम आपल्याकडे नवे नाहीत. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर कुटुंबातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला पाणी नाही असं ठरलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरू लागली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली. ही गावं पाहायला गाड्या भरून माणसं जातात आणि परत येऊन बंधारा मागतात. बंधारा मागणं सोपं, कारण त्यात कुणाची मोटार बंद होत नाही. तुम्ही त्या गावांतून वही आणलीत.

या वहीने कोणाला दुखावलं नाही असंही नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे स्रोतापासून, 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, हे कायद्यात असूनही मोजायला कोणी जात नसे. तुम्ही अंतर टेपने मोजून तेवढंच वहीत लिहिलंत. त्यावर जे बोलणं तुम्हाला ऐकावं लागलं, त्याची भरपाई या पत्राने होणार नाही.

आता थोडं कामाचं. सात नंबरच्या विहिरीवरची खूण पुसट झाली आहे, ती पुन्हा रंगवतो आहोत आणि खुणेची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आहोत. जुन्या टेपचा सुरुवातीचा तुकडा तुटून 10 सेंटिमीटर कमी झाला होता. नवी टेप आणली आहे, पण आधीच्या कुठल्या नोंदी त्या तुटक्या टेपच्या, हे तुम्हीच खूण करून द्या. नववीतल्या दोन मुली पुढच्या मापाला तुमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना आधी कठड्याशी तोल सांभाळून टेप सोडायला शिकवा, आकडे नंतर.

आपले,
गावच्या पाणी समितीतले सगळे