२६ जुलैला ती लोणावळ्याला होती

विलेपार्ले,
रविवार, दुपारचे तीन

प्रिय विन्या,

अक्षर बघून ओळखलंच असशील. आठ महिने झाले, फोन नाही, मेसेज नाही, दिवाळीला नुसता एक पणतीचा फोटो फॉरवर्ड. आधी शिव्या घालून घे, मी थांबतो.

झाल्या? बरं. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा पूर्वी होता तिथे नाही. शुभा मजेत. आता मुद्दा.

गाडी घेतोय. म्हणजे अजून घेतली नाही, पण रात्री दोन वाजता उठून तिच्याबद्दल वाचतोय, त्यावरून काय ते समज. माझदा आरएक्स-८. लाल. २००४ची, जपानहून आलेली. हे घरात अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. शुभाला नुसतं "माझदा" म्हटलं, तर तिच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाचा टेम्पो आला. म्हणाली, "भाजी विकणार आहेस का?"

तुला सांगायला लागणार नाही. फाउंटनच्या फूटपाथवर घासाघीस करून आणलेलं ते मासिक, मधल्या पानावर माझदाची केशरी-हिरवी ५५ नंबरची रेसची गाडी, ७८७बी. १९९१ची शर्यत जिंकलेली, जिला आपण वर्षभर "ले मन्स, ले मन्स" म्हणत हिंडलो आणि शेवटी त्या आगाऊ पारशी पोराने उच्चार सुधारला. तू ते पान माळ्याच्या दाराला खळीने चिकटवलंस, अण्णांच्या दाते पंचांगाच्या जागी. मार पडला तुला एकट्याला. मी जिन्यात उभा होतो. हे तू दर दोन वर्षांनी काढतोस, म्हणून आज मीच काढून ठेवतो.

तर त्याच घराण्यातली ही. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. पोट सुटलेल्या समोशासारखे दोन रोटर, चपट्या भोपळ्याच्या आकाराच्या खोलीत गरागरा फिरतात, झालं इंजिन. १३०८ सीसी! आपली पद्मिनी १०८९ होती आणि चाळीस घोडे होते, त्यातले निम्मे कायम आजारी. ही कागदावर २५० घोडे म्हणते, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोचा लाल पट्टा ९००० वर. मागची दोन छोटी दारं उलटी उघडतात, खालच्या डॉक्टरांच्या डुक्कर फियाटची पुढची उघडायची तशी. मी ती चार वेळा उघडझाप केली. मालक बघत होता. भाव त्याच क्षणी पन्नास हजारांनी चढला असणार.

मालक अंधेरीचा, दुसरा धनी. साडेनऊ लाख म्हणतोय. गिरगावच्या खोलीचे माझ्या वाट्याचे पैसे आलेत, हे तुला कळलंच असेल. शुभाच्या डोक्यात दोन्ही बाथरूम आहेत. त्या विषयावर मी सध्या "बघू" एवढंच बोलतो.

पण या वेळी घाई केलेली नाही. ("या वेळी" वाचून हसलास ना? पद्मिनी घेताना बॉनेट न उघडता बयाणा मी दिला होता, मान्य. पण अकरा हजारांत मला न विचारता ती तू विकलीस. निदान टेप तरी काढून घ्यायचास. त्यात माझी कॅसेट होती.) तीन महिने अभ्यास केलाय. इंजिनिअरिंगला असा केला असता तर केटी लागली नसती.

एक तर हे इंजिन ऑइल पितं, आणि पिणं हा त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. रोटरच्या टोकांना पट्ट्या असतात, एपेक्स सील म्हणतात, त्यांना वंगण मिळावं म्हणून एक पंप थोडं थोडं ऑइल आत सोडतो आणि ते जळतं. म्हणून दर दुसऱ्या टाकीला काडी बघायची. ज्यांनी मारुतीसारखं फक्त सर्व्हिसिंगला ऑइल बदललं, त्यांची इंजिनं गेली. आणि कोरड्या पट्ट्या झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातं. आधी गरम गाडी पुन्हा स्टार्ट व्हायला नखरे करते, मग कुणीतरी भारी बॅटरी बसवून ते झाकतो. म्हणून मी मालकाला म्हटलं, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येऊ, आणि तिथे मुद्दाम बंद केली. दहा मिनिटं हवा-पाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग चावी फिरवली. लागली. जरा कुरकुरत, पण लागली.

कॉम्प्रेशन मोजायचं साधं घड्याळ हिला चालत नाही, ते एकच आकडा दाखवतं. एका रोटरला तीन अंगं, दोन रोटर, म्हणजे सहा आकडे पाहिजेत. कुर्ल्याला सीएसटी रोडला माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, पिस्टन नाही तर कॉम्प्रेशन कसलं?" शेवटी ठाण्याचा एक मुलगा सापडला, त्याच्याकडे रोटरीचं खास यंत्र आहे. पुढचा रोटर पावणेआठच्या आसपास, तिन्ही अंगं सारखी. मागचा सात, सात, आणि एक सातच्या जेमतेम खाली. सातच्या खाली म्हणजे इंजिन उघडायची तयारी ठेवायची. मुलगा म्हणाला, दीड-दोन वर्षं जाईल, मग रिबिल्ड. ते धरून भाव पाडता येईल. इंजिनाची मला भीती नाही रे. इंजिन उघडता येतं.

कागद बघितले. आपल्याकडे माझदाने कार कधी विकल्याच नाहीत, तेव्हा शोरूमला जाऊन जुना सर्व्हिस रेकॉर्ड काढायचा हा मार्गच बंद. चॅसी नंबर एसई३पीने सुरू, म्हणजे अस्सल जपानी बाजाराची. रेडिओसुद्धा साक्ष देतो: तेव्हाचं जपानचं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपलं एकही प्रायव्हेट स्टेशन तिच्यात बसत नाही. नुसती खरखर. (तुला बरं, माझं बोलणं ऐकू येईल.) वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांच्या आतली, उजव्या हाताची आणि मुंबई बंदरातूनच, असा नियम, तिन्ही जुळतं. कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता तात्पुरत्या परवान्यावर, सहा महिन्यांसाठी फिरायला आणलेली आणि इथेच मुरलेली असली भानगड नाही, बिल ऑफ एंट्री हा कस्टमचा कागद आहे, ड्युटी भरलेली आहे, चॅसी नंबर मी भिंग लावून ताडून बघितला. वीस वर्षं उलटल्यामुळे रजिस्ट्रेशन संपलंय. नूतनीकरणाची फी इंपोर्टेडला आता ८०,००० झालीय, वर आपला पर्यावरण कर. म्हणूनच विकतोय तो, दुसरं काही नाही, असं तो म्हणतो.

आता ऐक. बिल ऑफ एंट्री मे २००५. रजिस्ट्रेशन १४ जून २००५. आणि पहिल्या मालकाचा पत्ता: कलिना, सांताक्रूझ.

बोटं मोजू नकोस, मी मोजलीत. बेचाळीस दिवस.

मी दबकत विचारलं, "सव्वीस जुलैला गाडी कुठे होती?" मालक एका दमात म्हणाला, "लोणावळ्याला." विन्या, मी या महिन्यात २००५च्या आधीच्या चार गाड्या बघितल्या. चारही त्या दिवशी लोणावळ्याला होत्या. ९४४ मिलीमीटर पाऊस सांताक्रूझला पडला आणि अख्ख्या मुंबईच्या गाड्या लोणावळ्याला चिक्की खात होत्या. आपण दोघं सायनपासून कमरेभर पाण्यातून चालत आलो तेव्हा दोन्ही बाजूंना टपापर्यंत बुडालेल्या कुणाच्या होत्या मग?

पहिला मालक कधीचा देशाबाहेर गेलाय. तेव्हाच्या विम्याचा कागद नाही. मग मी वाचलं तसं केलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. ड्रायव्हरच्या बेल्टवर, अगदी शेवटच्या हातभर भागात, फिकट तपकिरी रेघ. मालक म्हणे चहा सांडला असेल. शेवटच्या हातभर बेल्टवर चहा सांडायचा तर माणूस गाडीच्या खांबात बसलेला पाहिजे. पण बाजूच्या सीटचा बेल्ट मात्र स्वच्छ! सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत, पण वीस वर्षं मुंबईच्या हवेत काय नाही गंजणार, मी पण गंजलोय. गालिचे कोरे करकरीत. मालक ते कौतुकाने दाखवतो. माझ्या पोटात तिथेच गोळा आला. वीस वर्षांच्या गाडीत स्टिअरिंगचं कातडं गुळगुळीत झालंय, छताचं कापड सुटलंय आणि गालिचा तेवढा नवा, का रे?

डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा होऊन मोबाइलच्या उजेडात वायरिंग बघत होतो. पाय बाहेर, त्यात एक बूट निघालेला. एका कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं दिसलं. आणि तिथे पडल्या पडल्या मला तू आठवलास.

आता जे लिहितोय ते चार वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. २२ जुलै २०२१. तिसऱ्या दिवशी तुझा फोन लागला. तू म्हणालास, चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत वाशिष्ठी होती, गाडी गेली. आणि मी काय विचारलं? "स्टार्ट करून बघितलीस का?" वर म्हणालो, "गाडीच ना, इन्शुरन्स देईल." तू बरं म्हणून फोन ठेवलास. महिन्याने मी आलो, फरसाण घेऊन! तू मला मागे नेलंस, दाराचं आतलं पॅनल काढून ठेवलं होतंस, पिठासारखा बारीक गाळ स्पीकरमध्ये गच्च भरलेला. म्हणालास, वास घे. मी वाकलो. तू विचारलंस, येतोय ना? मी म्हटलं, "विशेष नाही." तुझा चेहरा मला दिसला होता. नंतर वहिनींनी जेवायला वाढेपर्यंत तू बाहेरच बसलास.

अरे, मला वास येतच नव्हता. एप्रिलमध्ये कोविड झाला तेव्हा नाक गेलं ते गेलंच. तुमच्याकडे एवढं झालेलं, त्यात माझं नाक कुठे सांगत बसू, म्हणून बोललो नाही. मग राहून गेलं. आणि राहून गेलं की माझं कसं होतं, तुला माहीत आहे. हा कागद मी दोनदा फाडला, तिसऱ्यांदा फाडणार नाही.

आजही फोडणी करपली तर शुभाला सांगावं लागतं. त्यामुळे त्या गाडीत बसून मी कितीही नाक फेंदारलं तरी उपयोग शून्य. त्यात मालकाने मोगऱ्याचं काहीतरी टांगून ठेवलंय. ठाण्याचा मुलगा म्हणाला, जुन्या गाडीचा येतो तसाच वास आहे. त्याचं वय सव्वीस. २००५मध्ये तो जेमतेम पहिलीत असणार. त्याला काय कळणार, पुराचा कसा असतो ते.

तुला कळतो. तू सहा महिने ती गाडी धूत होतास.

तेव्हा ये. एका दिवसाचं काम आहे. मांडवी एक्सप्रेसने दादरला उतर, मी घ्यायला येतो. मी मालकाला गालिचा उचलू द्यायला तयार केलंय, फक्त तू मागे म्हणाला होतास की तो गालिचाखालचा स्पंज पिळायचा असतो, ते मला नीट जमेलसं वाटत नाही. तू "बुडालेली आहे" म्हणालास तर मी दोन बाथरूम बांधतो. "नाही" म्हणालास तर एक. आणि बुडालेली असूनही "घे" म्हणालास तर काय करायचं, ते आपण स्टेशनवर चहा पिताना ठरवू.

तसं बुडायला हिला पूर लागत नाही, हे सांगायचं राहिलं. थंड असताना सुरू केली, दोन मीटर पुढे घेतली आणि बंद केली की आत पेट्रोल साचतं आणि मग लागत नाही. म्हणजे सोसायटीतल्या जोशीकाकांनी "जरा गाडी पुढे घ्या" म्हटलं की तिला वीस मिनिटं फिरवून आणायची. लिटरला सहा-सात किलोमीटर. त्यात सगळीकडे वीस टक्के इथेनॉल, तिच्या जुन्या रबरी नळ्यांना ते किती मानवेल हा आणखी एक घोर. रात्रीची ती यादी काढली तर हे पत्र कुरिअरने पाठवावं लागेल.

कस्तुरीचा निकाल लागला का? तिला विचारलंय म्हणून सांग. आंब्याला मोहर कसा आहे? अण्णांच्या वर्षश्राद्धाला येता आलं नाही, ऑडिट होतं. हे पण मला नीट बोलायचंय, पण समोर.

येताना तुझा तो डोक्याला बांधायचा टॉर्च आण. आणि तपकीर सोडलीस असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. सोडली नसशील तर निदान आदल्या दिवसापासून ओढू नकोस.

तुझा,
पक्या